विहाराच्या ओसरीवरचं कासव

टेकडीची वस्ती, पोस्ट मेडशी,
ता. मालेगाव, जि. वाशिम
११ जानेवारी २०२५

चि. प्रसेनजित यास मोठेबाबाचा सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? तिकडे बर्फ पडतो म्हणे, कानाला बांधून फिरत जा. आता घरचं एकेकाचं सांगतो. तुझी आई रूपा बरी आहे. गुडघा उठताबसता कुरकुरतो, पण तुरीची सोंगणी तिनं सोडली नाही. तुझी मोठीआई वच्छला हिची साखर खाली आली आहे, म्हणजे माझ्यावर जरा कमी ओरडते. ती म्हणते, "त्याले लिवा, तिकडं साप-बेडकं खातेत तं खाऊ दे त्याइले, तू उपाशी मात्र झोपू नको." माझ्या सतीशची मास्तरकी चालू आहे आणि विहार समितीचं सचिवपणही त्याच्याच गळ्यात आहे. त्याच्या पिंकीचं बारावीचं वर्ष. म्हैस गाभण आहे. राहिलो मी. माझा गाडा ठीक चालला आहे, फक्त कान गेले ते गेलेच. फोन लावला की आत माशी कोंडल्यासारखं होतं. म्हणून हे लिहिणं. पिंकी कागदाचा फोटो काढून तुला धाडते, आणि तुझा कागद आला की मेडशीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते.

आता कामाचं. आपला टेकडीवरचा विहार तुला माहीत आहे, चार भिंती आणि वर पत्र्याच्या टिना. पावसाळ्यात पाणी थेट दारातून आत येतं, बाया-माणसं वंदनेला उभी राहतात ती भिजत. समितीनं ठरवलं, दारापुढे ओसरी करायची. गावची जुनी चावडी पाडली, तिचं सागवान विहाराला मिळालं. ज्या चावडीच्या पायरीवर माझ्या बापाला टेकू दिलं नाही, तिचे चार खांब आता आपल्या दारात उभे राहतील. उकंडराव अध्यक्ष म्हणाले, "देवमन, हे तुह्याच हातानं होऊ दे." सत्तरी उलटली माझी. हे शेवटचं मोठं काम. ते असं व्हावं की माझ्या मागं लोकांनी वर पाहावं.

तू मागं त्या डोंगरावरच्या मंदिराचा फोटो पाठवला होतास. त्याचं छप्पर मी रोज पाहतो. कोंबडी पिलांवर पंख पसरते तसं ते भिंतीच्या बाहेर आलं आहे, आणि खाली आधाराला काही दिसत नाही. ते तोललं कसं आहे? खिळे कुठे मारलेत? आपल्याला कोणी सुतारकी शिकवली नाही, हे तुला ठाऊक आहे. सुतारांनी मला मेटाजवळ, त्यांच्या कामाच्या जागी, उभं केलं नाही. मोडक्या गाड्या आणि फेकलेली दारं उकलून उकलून मी शिकलो. हेही उकलून सांग, मी शिकेन.

आणि आत भगवंताची मूर्ती कशी आहे? बसलेली की निजलेली? तिथले भन्ते तुझ्याशी बोलतात का? तुझी आई तुला सोडायला तयार नव्हती. मीच म्हणालो, "रूपा, पोरगा जुनी लाकडी बांधकामं दुरुस्त करायचं शिकायला चालला, अन् तेही बुद्धाच्या देशात. अडवू नको." तेव्हा कुठे तिनं तुझी बॅग भरली. आता वंदनेला आलेल्या बायांना ती सांगते, माझा लेक भगवंताच्या सावलीत आहे.

सविस्तर लिही.

तुझा
मोठेबाबा देवमन


वुहान
२६ जानेवारी २०२५

ति. मोठेबाबा आणि मोठीआई यांना प्रसेनजितचा सविनय जयभीम.

मी बरा आहे. मोठीआईला सांगा, साप-बेडूक खात नाही, भात आणि कोबी खातो.

मोठेबाबा, तुम्ही फोटोवरून जे विचारलंत ते आमच्या वर्गात सहा महिन्यांनी एकानं विचारलं. त्या छपरात खिळा नाहीच. खांबाच्या डोक्यावर एक चौकोनी ठोकळा असतो. त्याला वरून अधिकाच्या खुणेसारखी खाच. त्या खाचेत दोन आडवे तुकडे एकमेकांत बसवतात, हात पसरल्यासारखे. त्या हातांच्या टोकांवर पुन्हा छोटे ठोकळे, त्यांवर आणखी लांब हात. असे थर चढत जातात आणि दर थराला छप्पर वीतभर बाहेर सरकतं. वरचं कौलांचं ओझं तुकड्यातुकड्यातून उतरत खांबात येतं. भूकंपात हे छप्पर कुरकुरतं, डुलतं, पण पडत नाही. सहाशे वर्षं उभं आहे.

मंदिर डोंगराच्या अंगाअंगानं चढत गेलं आहे. कडा जिथे वळतो तिथे पायऱ्या वळल्या. मधे खडक आला तर तो फोडला नाही, भिंतच वाकडी नेली. तांबड्या भिंती, हिरवी झिलईची कौलं. दगडी चौथऱ्यांचे तीन टप्पे चढून गेलं की मुख्य दालन. तिथली म्हातारी माणसं डोक्यावर अंबाडा बांधतात, दाढी राखतात आणि आलेल्या प्रत्येकाला गरम पाणी देतात. माझ्याशी प्रेमानं बोलतात.

आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून मूर्तीचं काही पाठवता येत नाही.

(इथे दोन ओळी गिरवून गिरवून खोडल्या आहेत.)

सोबत जोडाचं चित्र काढून पाठवतो, मापं सेंटिमीटरची आहेत, पिंकी इंचात करून देईल. कोपऱ्यात अंगणातल्या दगडावरचं एक कासव काढलं आहे, त्याला साप वेढून बसलाय. सहज आवडलं म्हणून.

आईच्या गुडघ्याला शेक द्या.

आपला
प्रसेनजित


टेकडीची वस्ती
२० मार्च २०२५

चि. प्रसेनजित यास सप्रेम जयभीम.

तुझं चित्र पोचलं. दोन ओळी तू एवढ्या खोडल्या की झेरॉक्समध्ये काळा ठिपकाच आला. शाई सांडली का रे?

बाभळीच्या तुकड्यांवर तीन दिवस झटलो. पहिला जोड ढिला, दुसरा फाटला, तिसरा असा बसला की मीच उपसू शकलो नाही. मारोतराव सुतार कट्ट्यावर येऊन बसले होते. त्यांच्याच बापानं मला मेटावरून हाकललं होतं. म्हणाले, "देवमन, हे ओसरी करून राह्यला का कोंबड्याचं खुराडं?" मी जोड हातात दिला. त्यांनी फिरवून फिरवून पाहिला, आपटून पाहिला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "एक मले बसवू दे." पंचावन्न वर्षांनी त्यांच्या घरचा माणूस माझ्याजवळ शिकायला बसला. मी म्हणालो, "बसा, पण तासायची वाकस आपली आणा."

आता मुद्दा. ते साप-कासव मला फार भावलं. साप म्हणजे मुचलिंद नाग, हे मी ओळखलं. भगवंत ध्यानात असताना पाऊस आला आणि त्यानं फणा धरला. ओसरीचं कामच पाऊस अडवण्याचं, मग मुचलिंदावाचून कोण? कासवाचं कोडं पडलं होतं, पण तेही सुटलं. कासव पाय-मान आत ओढतं तसं मन आवरावं, असं सांगणारं दिसतं. म्हणून मी ठरवलं आहे की मधल्या मोठ्या ठोकळ्यावर, जिथे सगळे हात येऊन अडकतात, दाराच्या बरोब्बर वर, हे कोरायचं. येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथेच जाईल.

पण आधी तुला विचारतो. माझा अर्थ बरोबर आहे ना? तू तिथे रोज पाहतोस, तुला ठाऊक असणार. विहाराचं काम आहे, घरच्या पाटाचं नाही. लाकडाला पटाशी लागली की लागली. चुकत असलो तर स्पष्ट कळव, मला राग यायचा नाही. तुझं उत्तर येईपर्यंत त्या ठोकळ्याला हात लावत नाही.

मोठेबाबा


वुहान
२३ मार्च २०२५

सतीशदादा, जयभीम.

हे फक्त तुला लिहितोय. ते मंदिर बुद्धाचं नाही. ताओ म्हणून इथला वेगळा जुना पंथ आहे, त्यांचे देव वेगळे. कासव आणि साप त्यांच्या एका देवाच्या पायाशी असतात. तो उत्तर दिशेचा रक्षक, केस मोकळे, पाय अनवाणी. आपल्याशी काही संबंध नाही.

पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पण घरी सगळे "बुद्धाच्या देशात" म्हणून एवढे खूश होते. आईनं त्याच बोलीवर सोडलं मला. नंतर दर पत्राला सांगणं आणखी अवघड झालं.

दादा, तू मोठेबाबांना थांबव. बाकी जोड तसेच ठेवा, नुसतं ते कोरू देऊ नको. काहीही कारण सांग.

प्रसेनजित


टेकडीची वस्ती
२७ मार्च २०२५

प्रसेनजित,

तूच सांग. मी कायले सांगू?

बाबा रोज सकाळी तुह्या कागदाले हात लावून मग हत्यार उचलतेत. मी बारा वर्षं मास्तरकी केली, माह्या एका कागदाले त्याइनं असा हात लावला नाही. मी बोललो तं म्हणतीन, सतीशच्या पोटात दुखून राह्यलं. अन् त्याइनं तुले विचारलं हाय, मले नाही.

नसन सांगायचं तं राहू दे. इथं चीनचा माणूस पाहाले येणार हाय का? लोकाइले साप दिसन, मुचलिंद म्हणतीन, हात जोडतीन, झालं.

सतीश


वुहान
२ एप्रिल २०२५

ति. मोठेबाबांना जयभीम.

परीक्षा आहे, म्हणून थोडक्यात. तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे. निर्धास्त कोरा. छान दिसेल.

प्रसेनजित


टेकडीची वस्ती
१६ मे २०२५

प्रसेनजित,

बाबा लिहीत नाहीत म्हणून मी लिहितो.

बुद्धपौर्णिमेला ओसरीचं उद्घाटन झालं. मालेगाव, मेडशी, मंगरूळपीरहून लोक आले होते. ओसरी काय झाली होती म्हणून सांगू! मारोतराव सुतार धोतर झटकत चारचौघांना सांगत होते, "चार ठोकळे माह्या हातचे हायेत बरं." काकू पांढरी साडी नेसून दारात उभी होती, आलेल्या बाईला वर बोट करून दाखवत होती, माह्या पोरानं चीनवरून नकाशा धाडला.

भन्ते नवीन होते. तैवानात चार वर्षं राहून आलेले. वंदना झाली, बाहेर आले, वर पाहिलं आणि थांबले. चांगला माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "उपासक, कारागिरी फार सुंदर आहे. पण हे चिन्ह आपलं नाही. हे ताओ पंथाच्या देवाचं आहे. विहाराच्या दारावर कसं आलं?"

मग सगळे एकदमच बोलायला लागले. उकंडराव तर पुढेच आले. "आपल्या बुढ्याइनं घरातले देव डोहात सोडले. अन् या देवमननं चीनवरून देव आणून विहारावर बसवला!"

आणि बाबा हसत होते, प्रसेनजित. त्यांना ऐकू कुठे येतं? सगळे वर पाहून बोलतायत, म्हणजे वाखाणतायत असंच त्यांना वाटलं. ते हात जोडून एकेकाकडे वळत होते आणि मान लववत होते. उकंडरावांपुढेही लववली. शेवटी पिंकीनं आमंत्रणपत्रिकेच्या मागं लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

कोणीतरी विचारलं, हे चित्र दिलं कोणी? काकू समोरच होती. बाबांना पिंकीनं तेही लिहून दाखवलं. बाबा म्हणाले, "कोणी नाही दिलं. जोडाचा नकाशा पोराचा. कासव मी माह्या मनानं कोरलं. माही अक्कल कमी पडली."

समितीत ठरलं की तेवढं कोरीव तासून टाकायचं. बाबा म्हणाले, "तासलं तं ठोकळा पातळ होईन, ओझं पेलणार नाही. खाली लेकरं बसतेत." मग म्हटलं, तो एकच ठोकळा बदला. तर तोही निघेना. सगळे हात त्याच्यातच अडकलेले. तो काढायचा तर कौलापासून सगळं उतरवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शिडीवर चढले आणि त्यांनीच ओसरी उतरवली. कोणाला हात लावू दिला नाही. चार महिन्यांचं काम दुपारपर्यंत खाली आलं, एक तुकडा तुटला नाही.

मी शिडी धरून होतो. मी काही बोललो नाही. तिथेही नाही आणि आधीही नाही. तुला काय म्हणू?

सतीश


वुहान
२१ मे २०२५

ति. मोठेबाबा,

कोणत्या तोंडानं जयभीम घालू?

खोडलेल्या दोन ओळींत मी लिहिलं होतं, "मोठेबाबा, हे मंदिर बुद्धाचं नाही, ताओ पंथाचं आहे. तरी त्याचे सुतार तुम्हाला आवडतील." ते तसंच ठेवलं असतं तर काय बिघडणार होतं, हे पाच दिवस स्वतःला विचारतोय. काहीच नाही. तुम्ही हसला असता आणि जोड तरीही केला असता.

मला घरची खुशी मोडायची नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याविषयी तुमच्या मनात जे होतं ते मोडायचं नव्हतं. आणि तुम्ही सरळ विचारलंत तेव्हा, बरोबर आहे, असं मीच लिहिलं.

एक खरं आहे, ते ऐका. हा जोड कोणत्याही पंथाचा नाही. इथले बौद्ध विहारही ह्याच ठोकळ्यांवर उभे आहेत. तेच सुतार आज ह्यांचं दालन बांधायचे, उद्या त्यांचं. मी समितीला पत्र लिहितो. सगळा दोष माझा म्हणून कबूल करतो. कासव सोडून नवा ठोकळा करा आणि ओसरी परत उभी करा. मोठेबाबा, एवढं माझ्यासाठी करा.

दोन ओळी का होईना, लिहा. शिव्या लिहा.

प्रसेनजित


टेकडीची वस्ती
१९ जुलै २०२५

चि. प्रसेनजित यास मोठेबाबाचा जयभीम.

पत्राला दोन महिने लागले. लिहायला बसत होतो, कागद तसाच राहत होता. तुझी तब्येत कशी आहे? परीक्षेचं काय झालं? इकडे वच्छलाची साखर पुन्हा वर गेली आहे. माझ्यावर ओरडत मात्र नाही, त्याचीच भीती वाटते. पिंकी बारावीला चांगली पास झाली, अकोल्याला जाते म्हणते. म्हशीला पारडू झालं. सतीश बरा आहे. माझ्यासमोर जेवायला बसत नाही.

सतीशविषयी तू पत्रात काही लिहिलं नाहीस, आणि मीही त्याला विचारलं नाही. पण मी शिडीवर होतो आणि तो खाली धरून होता. वरून पाहिलं तर त्याची मान खाली. ज्याला एखादी गोष्ट आत्ताच कळली तो वर पाहतो रे. आधीपासून ठाऊक असणाराच जमीन पाहतो. माझी दोन्ही पोरं जाणत होती. मी एकटाच पटाशी मारत होतो.

मंदिरावर माझा राग नाही. ज्यांनी ते बांधलं ते कोणाचंही भजन करोत, खडक न फोडता भिंत वाकडी नेणारी माणसं खोटी नसतात. त्या पंथाच्या देवावरही राग नाही, तो त्याच्या घरी सुखी राहो. पण माझ्या बापानं मला खांद्यावर बसवून नेलं होतं, डोहात देवांचे टाक सोडताना. मी तीन वर्षांचा होतो. मला फक्त पाण्याचा आवाज आठवतो. त्या बापाच्या मुलाला सत्तरी उलटल्यावर सगळ्या समाजापुढे ऐकावं लागलं की यानं देव आणला. ऐकूही आलं नाही. नातीनं लिहून दाखवलं.

मी मोडक्या गाड्यांपासून शिकलो, तुला सांगितलंच आहे. मोडकी वस्तू कुठे मोडली ते दाखवते, लपवत नाही. मला वाटलं, शिकलेला पोरगाही तसाच असेल. मी ठोकळ्याला हात न लावता तेरा दिवस तुझ्या उत्तराची वाट पाहिली होती.

तुझं पत्र समितीला दिलं नाही. दिलं असतं तर रूपानंही ऐकलं असतं. तिथे मी सगळं माझ्या अंगावर घेतलं ते काही फार मोठेपणानं नाही. ती समोर उभी होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. उकंडराव परवा आले होते. म्हणाले, "देवमन, रागात बोललो. कासव सोडून पुन्हा उभी कर." त्यांच्या मनात काही नाही. मी चहा पाजला आणि नाही म्हणालो. समितीनं लोखंडी अँगलवर टिना टाकल्या आहेत, पाऊस अडतो. लाकूड गोठ्यात रचून ठेवलं आहे. मारोतराव दर बाजाराच्या दिवशी येतात, रचलेल्या ढिगाकडे पाहतात आणि उठून जातात. हात चालतात माझे अजून. पण खाच पाडायची तर तिच्यात बसणाऱ्या कुसवावर भरवसा लागतो, आणि तो आता माझ्यात उरला नाही. तुझ्यासाठी म्हणून करा, असं लिहिलंस. एकदा केलं, बाळा.

आता एक काम तुला सांगतो, आणि हे तुलाच करावं लागेल. तुझी आई अजून बायांना सांगते की लेक भगवंताच्या सावलीत आहे. बाया एकमेकींकडे पाहतात. उकंडरावांची सून एकदा तोंडावरच हसली. रूपाला वाटतं की माझ्या चुकीमुळे हसतात. काल मला म्हणाली, "भाऊजी, तुमी मनाले लावून घेऊ नोका, मानूस चुकतेच. माह्या पोराले इचारलं असतं तं त्यानं बरोबर सांगतलं असतं." मी मान डोलावली. समाजापुढे खोटं बोलताना मला एवढं लागलं नव्हतं. तिची समजूत मी मोडणार नाही, माझ्यात ते बळ नाही. आणि मी मोडली तर तिला वाटेल, म्हातारा आपली चूक पोरावर ढकलतो.

म्हणून हे पत्र पोचलं की लवकर उत्तर दे. पण माझ्या नावानं नको, तिच्या नावानं लिही. दुसऱ्याकडून ती वाचून घेत नाही, तुझं पत्र ती स्वतः शब्दाखाली बोट सरकवत वाचते. अक्षर मोठं काढ.

मोठेबाबा देवमन